एक आणा, चॉकलेटी

धोपाव्याहून दहाच्या फेरीबोटीनं आल्या झुलेखाबी सारंग,
हातात सुरम्याची रिकामी डबी,
डबीत कापूस, कापसावर तिकीट.
"तुम्ही पोस्टातले ना? सांगा, याचे किती येतील?"
नातवानं मोबाईलवर पाहिलंय म्हणे, लाखांत जातात असली.
मी म्हटलं, लाखांतली तिकिटं दाभोळला येत नाहीत.
पण बसा.

आधी राजा. दाढी, मुकुट, डावीकडे तोंड:
पाचवा जॉर्ज. हा ढिगानं छापला.
मग रंग. सावलीत चॉकलेटी,
उन्हात धरला तर वाळल्या आमसुलासारखा.
दात मोजले, दोन सेंटिमीटरला चौदा,
खालचा एक पडलेला, माझ्यासारखाच.
पालथं घातलं काळ्या बशीत,
वर बेंझिनचे दोन थेंब,
आणि पाठीवर तारे उगवले.
एकच असता तर आधीचं. हे पुष्कळ,
म्हणजे सव्वीसनंतरचं.
राजा लंडनचा, छपाई नाशिकची.
झुलेखाबी वाकून बघत राहिल्या
बेंझिन उडेपर्यंत, तारे जाईपर्यंत.

"दोन रुपये," मी म्हटलं.
"आणि शिक्का?"

शिक्का म्हणजे काळ्या शाईची चंद्रकोर,
अर्धी तिकिटावर, उरलेली पाकिटाबरोबर गेली.
खाली अठ्ठावीस स्पष्ट. वर एक इंग्रजी ए,
पुढे एक उभी रेघ, तिला पुढे आलेलं पोट.
"एडन," त्या म्हणाल्या,
आणि मी दचकलोच, कारण त्या काळी
एडनच्या पोस्टातही हीच तिकिटं लागत
आणि शिक्का एडनचा निघाला तर हौशी माणूस चारशे मोजतो.
"आजा बोटीवर आगवाला होता. एडनला उतरला
तो उतरलाच. पैसा नाही, खबर नाही.
पण एक चिठ्ठी आलेली असणार ना?
नाहीतर हे तिकीट आजीच्या पेटीत कुठलं?"

दहापट भिंग काढलं. दिवा जवळ ओढला.
ए-नंतर डी असेल तर पोट एकच, सलग.
बी असेल तर मध्ये कंबर.
बाकी सगळा फरक तेवढाच,
केसाएवढी एक खाच,
शाई पसरली असेल तर तीही नाही.
तिकीट तिरकं केलं, सरळ केलं.
खाली खाडीत बर्फाचे ट्रक उलटे येत होते जेटीवर,
कुणी ओरडत होतं, अजून, अजून, बस.

कंबर होती.

ए, बी. त्याआधी बाहेर राहिलेला डी, नंतरचे तीन.
दाभोळ. आमचंच पोस्ट,
मी एकतीस वर्षं ज्याच्या खिडकीत बसलो.
म्हणजे चिठ्ठी आली नव्हती. गेली होती.
आणा पुरे होता तेव्हा, एडन मुंबई इलाख्यातच.
आजीला अक्षर येत नव्हतं, त्या म्हणाल्या.
कुणाकडून तरी लिहवली असेल,
कंपनीच्या पत्त्यावर टाकली असेल,
आणि माणूस न सापडल्यानं फिरून
पेटीत परत.

हे सगळं मी बोललो नाही.
बोललो एवढंच: "दाभोळचा आहे. दोनच रुपये."
त्या बऱ्याच वेळानं म्हणाल्या,
"आम्हाला वाटायचं, तिनं साधी विचारणाही केली नाही."

डबीचं झाकण नीट बसेना. मी बसवून दिलं.
साडेअकराची बोट होती.

आता रात्री शिक्क्याचा तो जुना लाकडी दांडा आठवतो,
उन्हाळ्यात शाई घट्ट व्हायची,
टपालगाडी हॉर्न देत उभी,
आणि मी मारत सुटायचो धडाधड,
वाकडे, अर्धे, एकावर एक.
कोणता अक्षर म्हणून उठला, कोणता डाग म्हणून,
बघितलंय कुणी तेव्हा?